मेलरोजचा खाटीक आणि त्याचे सात गडी

बँकेच्या नोकरीत मी किती खाती उघडली, याचा हिशेब कधी ठेवला नाही. उघडलेलं खातं विसरता येतं. बंद केलेलं एखादं खातं मात्र मनातून जात नाही. माझ्या मनात राहिलेलं खातं एका कबड्डी मंडळाचं होतं.

साल १९८५. नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती आणि सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी शाखेत मी काउंटरवर बसत होतो. उन्हाळ्याचे दिवस. दुपारी व्यवहार संपता संपता चार पोरं आत आली. हातात मळलेलं पासबुक आणि वहीच्या कागदावर लिहिलेला मंडळाचा ठराव. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तीन सह्या. बचत खातं बंद करून शिल्लक रोख मिळावी, एवढाच मजकूर. शिल्लक होती १३७ रुपये.

त्यांचा कॅप्टन पिठाच्या गिरणीत कामाला होता. त्याच्या भुवयांवर तेव्हाही पीठ होतं. खातं का बंद करता, असं मी सहज विचारलं. तो खाली मान घालून सांगू लागला. जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं तर सात गडी आणि राखीव खेळाडूंचं एसटीचं भाडं हवं. वर्गणी देतो म्हणणारे ऐनवेळी भेटत नाहीत. गावात स्पर्धा भरवून पैसे उभे करावेत म्हटलं, तर मांडव, लाइट, जनरेटर, रोख बक्षिसं, पाहुण्या संघांची तीन दिवसांची जेवणं, हा खर्च ऐकूनच छाती दडपते. तेव्हा आता मंडळ गुंडाळायचं ठरलं आहे. मी सह्या ताडून पाहिल्या, लेजरच्या पानावर लाल शाईने खातं बंद झाल्याचा शेरा मारला आणि पैसे मोजून दिले. नियमाप्रमाणे सगळं बिनचूक होतं. पुढच्या वर्षी त्या गावच्या पटांगणात कबड्डीचा दम घुमला नाही.

आपण त्या पोरांना काही सांगू शकलो असतो का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला तीस-एकतीस वर्षांनी, एका परक्या मुलखातल्या खाटकाची हकीकत वाचताना. तीच आज सांगायची आहे.

२०१६च्या ऑगस्टमध्ये मी टीव्हीवर रिओचं ऑलिंपिक पाहत होतो. रग्बीचा सामना लागला होता. रग्बी म्हणजे धिप्पाड माणसांचा, पंधरा-पंधरा जणांचा झोंबाझोंबीचा खेळ, एवढीच माझी माहिती. इथे तर एका बाजूला सातच खेळाडू, आणि सात मिनिटं झाली की मध्यंतर. कबड्डीच्या मुलखात वाढलेला माणूस मी. सात गडी म्हटलं की आमचे कान आपोआप टवकारतात. पंधरांचे सात कोणी केले आणि कशासाठी, याचा शोध घेत गेलो आणि नेड हेग भेटला.

एडवर्ड हेगचा जन्म ७ डिसेंबर १८५८चा, स्कॉटलंडच्या जेडबरा गावचा. एडवर्डला सगळे नेड म्हणत. जेडबरा हे इंग्लंडच्या सीमेपासून थोड्याच अंतरावरचं गाव. या सीमाभागाला तिकडे नुसतं बॉर्डर्स म्हणतात. एके काळी दोन राज्यांमधला हा धगधगता पट्टा. एकमेकांची गुरं पळवणं, घरं जाळणं, सूड उगवणं हे तिथे शतकानुशतकं चाललं. पुढे दोन्ही राज्यं एका मुकुटाखाली आली आणि तलवारी म्यान झाल्या. पण गावागावांतली खुन्नस गेली नाही. ती खेळात उतरली.

जेडबरामध्ये हिवाळा संपता संपता एक विलक्षण खेळ होतो. अख्खं गाव दोन तट पाडतं, वरच्या बाजूचे आणि खालच्या बाजूचे. हातात मावेल एवढा चामड्याचा चेंडू. त्यासाठी रस्त्यारस्त्यांतून रेटारेटी चालते. दुकानदार त्या दिवशी खिडक्यांना फळ्या ठोकतात. हा चेंडू म्हणजे मुळात एका इंग्रजाचं छाटलेलं मुंडकं होतं, अशी दंतकथा गावकरी चवीने सांगतात. नेड हेग अशा गावचा मुलगा. रग्बीचे नियम कानावर पडण्याआधीच या मुलांना रेटारेटीचं बाळकडू मिळत असे.

या मुलखाची आपल्या साहित्याच्या वाचकांना आणखी एक ओळख आहे. सर वॉल्टर स्कॉट इथलाच. आपल्याकडे ह. ना. आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की स्कॉटचं नाव निघतंच. ट्वीड नदीकाठचा त्याचा ॲबट्सफर्ड वाडा मेलरोजपासून दोन-तीन मैलांवर आहे. स्कॉट स्वतः पायाने अधू, पण १८१५च्या डिसेंबरात त्याने सेलकर्क आणि यॅरो खोऱ्यातल्या माणसांमध्ये चेंडूचा मोठा सामना भरवला होता. कादंबरीकाराने खेळाचा जंगी सामना भरवावा, ही गोष्ट एक कादंबरीकार म्हणून मला फार आवडते.

नेड तरुणपणी जेडबरा सोडून मेलरोजला आला आणि खाटकाच्या दुकानात काम करू लागला. मेलरोज हे ईल्डन टेकड्यांच्या पायथ्याचं टुमदार गाव. तिथला मध्ययुगीन मठ आज भग्नावस्थेत उभा आहे. स्कॉटलंडचा शूर राजा रॉबर्ट ब्रूस याचं हृदय तिथे पुरलं आहे, अशी श्रद्धा आहे. गाव लहान, वस्ती बेताची. शेजारचं गॅलाशील्स मात्र लोकरीच्या गिरण्यांचं गजबजलेलं गाव. पलीकडे हॉइक, तेही मोजे आणि विणकामाच्या गिरण्यांचं. एडिंबरात रग्बी खेळत ती मोठ्या शाळांतली, वकील-डॉक्टर होणारी मुलं. बॉर्डर्समध्ये मात्र गिरणी कामगार, शेतकरी, सुतार, खाटीक असे हातावर पोट असलेले लोक हा खेळ खेळू लागले. आठवडाभर राबायचं आणि शनिवारी दुपारी चिखलात उतरायचं. पैसे मिळत नसत, उलट पदरचेच जात.

मेलरोजचा क्लब स्थापन झाला १८७७ साली. त्याआधी मेलरोज आणि गॅलाशील्सचे खेळाडू एकत्र खेळत. मग बिनसलं. मेलरोजच्या लोकांनी रातोरात गोलचे खांब उपटून आपल्या गावी नेले, अशी एक खुमासदार कथा त्या भागात प्रसिद्ध आहे. खरी असो वा नसो, दोन गावांमध्ये किती प्रेम होतं हे तीवरून कळतं. मेलरोजच्या मैदानाचं नाव ग्रीनयार्ड्स.

याच सुमारास रग्बीत एक बदल झाला होता. १८७१च्या मार्चमध्ये एडिंबरात स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा एका बाजूला वीस-वीस खेळाडू होते. १८७७ साली त्यांचे पंधरा झाले. म्हणजे खेळाडूंची संख्या ही काही दगडावरची रेघ नव्हती. पण पंधराच्याही खाली जाऊन, अगदी निम्म्याने माणसं कमी करून खेळ होऊ शकेल, हे कोणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. ते कारण पैशाच्या चणचणीने दिलं.

१८८३च्या सुमारास मेलरोज क्लबच्या पेटीत खडखडाट होता. इथे मला त्याच काळातल्या दुसऱ्या एका क्लबची आठवण होते, कारण त्याचा संबंध आपल्या देशाशी आहे. १८७२च्या नाताळात कलकत्त्यातल्या इंग्रज-स्कॉटिश मंडळींनी रग्बीचा सामना केला आणि त्यातून तिथे क्लब उभा राहिला. काही वर्षांतच तो ओसरला. बंगालच्या हवेत हा खेळ झेपेना, लष्करी पलटणी बदलून गेल्या, लोक टेनिस आणि पोलोकडे वळले. या क्लबचं दुखणं मेलरोजच्या अगदी उलट होतं. बँकेत पैसे होते, पण खेळायला माणसं नव्हती. तेव्हा सभासदांनी खातं बंद केलं, शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली आणि ते रुपये वितळवून एक सुंदर चषक घडवला. मुठींच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात १८७९पासून आजतागायत हाच कलकत्ता चषक दिला जातो. खातं बंद करण्याची इतकी देखणी पद्धत मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.

मेलरोजकडे वितळवायला रुपये नव्हते. होती ती नुसती माणसं, आणि त्यांच्यातला एक खाटीक.

त्या काळी संस्थेसाठी पैसे उभे करायचे तर मैदानी खेळांचा दिवस भरवणं ही रूढ पद्धत होती. धावण्याच्या शर्यती ठेवायच्या, तिकीट लावायचं. मेलरोजच्या मंडळींनीही रग्बीचा हंगाम संपताना, एप्रिलअखेरीस, असा दिवस भरवायचं ठरवलं. पण नुसत्या शर्यती बघायला शेजारची गावं कशाला येतील? लोकांना रग्बी हवी. त्यातही आपल्या गावाने शेजारच्या गावाला लोळवलेलं हवं. म्हणजे रग्बीची स्पर्धा ठेवायला हवी. अडचण एकच. पंधरा-पंधरा जणांचा पूर्ण सामना खेळायला वेळ लागतो, आणि एकदा खेळलेला संघ त्याच दुपारी पुन्हा उभा राहू शकत नाही. स्पर्धा पुरी करायची तर कित्येक दिवस लागतील. त्याचा खर्च कोण करणार?

इथे नेडने डोकं चालवलं. वेळ वाढवता येत नाही, पैसा वाढवता येत नाही, तर मग खेळच लहान करू. पंधराऐवजी सात माणसं, आणि सामना पंधरा मिनिटांचा. एक मागे राखण करणारा, दोन मधले आणि चार पुढचे. मैदान मात्र तेवढंच ठेवायचं. म्हणजे माणसं थोडी आणि मोकळी जागा भरपूर. ढकलाढकली कमी होणार आणि पळापळ वाढणार. बघणाऱ्याला तीच मौज. पुढे नेडने स्वतःच सांगून ठेवलं, की पैशाची नड होती म्हणूनच हे सुचलं. काही मोठं तत्त्व मांडल्याचा आव त्याने कधी आणला नाही. या कल्पनेच्या श्रेयात डेव्हिड सँडरसन या दुसऱ्या खाटकाचाही वाटा सांगितला जातो. तो मेलरोज संघाचा कर्णधार होता. एका खाटकाला कल्पना सुचली आणि दुसऱ्याने ती उचलून धरली, एवढं खरं.

मला यातला व्यवहार फार मोलाचा वाटतो. हिशेब जुळत नसला की आपण जमेची बाजू वाढवायला धावतो. देणगीदार शोधतो, पुढाऱ्यांचे उंबरे झिजवतो. नेडने खर्चाची बाजू पाहिली. आणि ती कमी करताना त्याने खेळाचा जीव काढून घेतला नाही, तो वाढवला.

बक्षिसाचा प्रश्नही असाच सुटला. मेलरोजच्या स्त्रियांनी एक चषक दिला. पुरुषांच्या चिखलातल्या खेळासाठी गावच्या बायकांनी दिलेला तो चषक लेडीज कप म्हणूनच ओळखला जातो. त्या स्त्रियांची नावं इतिहासात ठळक नाहीत. पण त्यांच्यावाचून हा दिवस पुरा झाला नसता.

२८ एप्रिल १८८३, शनिवार. ग्रीनयार्ड्सवर गर्दी लोटली. गॅलाशील्स आणि हॉइकहून खास आगगाड्या सोडाव्या लागल्या. दिवसभरात मेलरोज स्टेशनात सुमारे १६०० तिकिटं जमा झाली, अशी त्या वेळच्या वर्तमानपत्रात नोंद आहे. एवढ्याशा गावात बाहेरची एवढी माणसं! या रेल्वेमार्गाचं नाव वेव्हर्ली, म्हणजे स्कॉटच्या कादंबरीवरून ठेवलेलं. कादंबरीच्या नावाच्या गाडीत बसून लोक रग्बीला आले.

शर्यती झाल्या, चेंडू लाथाडण्याच्या चढाओढी झाल्या. मग सातांची स्पर्धा सुरू झाली. एकामागून एक संघ बाद होत गेले आणि अंतिम सामन्याला उभे राहिले मेलरोज आणि गॅला. म्हणजे खांब पळवणारे आणि ज्यांचे खांब गेले ते! मेलरोजच्या सात जणांत सँडरसन होता आणि नेडही होता. कल्पना सुचवून तो कडेला उभा राहिला नव्हता, चिखलात उतरला होता.

पंधरा मिनिटं झाली तरी बरोबरी. दोन्ही कर्णधारांनी आणखी पंधरा मिनिटं खेळायचं ठरवलं. त्यातली दहाएक मिनिटं झाली असतील, आणि सँडरसन चेंडू घेऊन रेषेपार गेला. ट्राय! लगेच मेलरोजचे खेळाडू मैदानाबाहेर चालू लागले. आम्ही जिंकलो, त्यांचं म्हणणं. गॅलावाल्यांनी कल्ला केला. ठरलेली पंधरा मिनिटं अजून संपलेली नाहीत, पुरं खेळा, असा त्यांचा आग्रह. मेलरोजवाले परत फिरले नाहीत. चषक त्यांनाच मिळाला.

खरं सांगायचं तर, बँकेच्या नियमात मुरलेल्या माझ्या मनाला गॅलाची तक्रार रास्त वाटते. ठरलेली वेळ ती ठरलेली वेळ. नेडवर माझं कितीही प्रेम असलं तरी हा डाग मी पुसून टाकणार नाही. गंमत म्हणजे त्या दिवशीचा वाद पुढे खेळाची रीतच होऊन बसला. जादा वेळेत जो आधी गुण मिळवील तो जिंकला, हा सातांच्या रग्बीतला नियम मेलरोजवाल्यांच्या त्या आडमुठेपणाशी जुळणारा आहे.

गॅलाने रुसून खेळ सोडला नाही. दुसऱ्याच वर्षी, १८८४ साली, त्यांनी आपल्या गावी सातांची स्पर्धा भरवली. १८८५मध्ये हॉइकने भरवली. हळूहळू हंगाम संपला की बॉर्डर्समधल्या एकेका गावी दर शनिवारी सातांची जत्रा भरू लागली. आपल्याकडे चैत्रात गावोगावच्या यात्रा आणि कुस्त्यांचे फड लागतात, तसाच हा प्रकार. हिवाळाभर चिखलात झगडलेली पोरं वसंतातल्या उन्हात मोकळी धावायची. बायका, मुलं, म्हातारे शिदोऱ्या घेऊन यायचे. आणि क्लबच्या पेटीत पुढच्या वर्षाची बेगमी व्हायची. लहान क्लब मोठ्या गिरण्यांच्या गावांपुढे टिकले, त्यात या एका दुपारच्या उत्पन्नाचा हात होता.

आणि नेड? नेड खाटीकच राहिला. तो मेलरोजसाठी खेळला, दक्षिण भागाच्या संघातूनही खेळला. स्कॉटलंडच्या संघात मात्र त्याची कधी निवड झाली नाही. आपल्या कल्पनेतून त्याला एक पैची प्राप्ती झाली नाही. तशी त्याची अपेक्षाही दिसत नाही. त्या काळी रग्बीत पैशाचा विटाळ मानत. कामाचा बुडालेला रोज भरून मिळावा, एवढ्या मागणीवरून १८९५ साली इंग्लंडमध्ये या खेळाची दोन शकलं झाली. क्लबसाठी पैसे उभे करण्याची युक्ती काढणारा आणि स्वतः त्यातलं काही न घेणारा नेड त्या वादळात कुठे दिसत नाही. त्याचा खेळ मात्र रुजला होता.

सातांचा खेळ बॉर्डर्सबाहेर पडायला मात्र बराच काळ लागला. एडिंबरा-लंडनच्या प्रतिष्ठित मंडळींना तो बराच काळ खेडवळ गंमत वाटत असावा. १९२६ साली लंडनमध्ये स्थायिक झालेल्या एका स्कॉटिश डॉक्टरने हंगामाच्या शेवटी मिडलसेक्सची स्पर्धा सुरू केली. तीही धर्मादाय कामाला पैसे मिळावेत म्हणून. नेड तेव्हा ६७ वर्षांचा होता. रिकाम्या पेटीसाठी काढलेली युक्ती राजधानीत गेलेली त्याला पाहायला मिळाली. २८ मार्च १९३९ रोजी तो वारला. वय ८० वर्षं. मेलरोजची वार्षिक स्पर्धा तेव्हा महिन्याच्या आत येऊन ठेपली होती.

पुढचं सगळं त्याच्यामागे घडलं. १९७६मध्ये हाँगकाँगची स्पर्धा सुरू झाली आणि आशिया, पॅसिफिकचे लहान देश या खेळात उतरले. १९९३ साली एडिंबरात सातांचा पहिला विश्वचषक झाला, त्या चषकाचं नावच मेलरोज कप. १९९८पासून राष्ट्रकुल स्पर्धांत हा खेळ आला. २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचा संघही सातांची रग्बी खेळला. २००८ साली आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत नेड हेग आणि मेलरोज क्लब यांची नावं एकत्र घातली. मरणोत्तर ६९ वर्षांनी. आणि २०१६ साली ऑलिंपिक.

आपल्याकडेही हा खेळ आता साहेबांच्या जिमखान्यापुरता राहिलेला नाही. २००७ साली ओडिशातल्या आदिवासी मुलांच्या एका शाळेचा १४ वर्षांखालील संघ लंडनला गेला आणि तिथली आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आला. काही महिन्यांपूर्वीपर्यंत या मुलांनी तो लांबुळका चेंडू पाहिलाही नव्हता. २०२५च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला सातांच्या रग्बीची व्यावसायिक लीग झाली. तिथे झगझगीत दिव्यांखाली धावणाऱ्यांपैकी किती जणांना मेलरोजच्या खाटकाचं नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

२०२३ साली मी मुलीकडे एडिंबरात होतो. मेच्या एका सकाळी गाडीत बसलो. जुना वेव्हर्ली मार्ग १९६९ साली बंद पडला होता. त्याचा काही भाग २०१५मध्ये पुन्हा सुरू झाला. गाडी गॅलाशील्सवरून ट्वीडबँकपर्यंत जाते, तासाभराचा प्रवास. तिथून पुढे मेलरोजपर्यंत मी चालत गेलो. मठ पाहिला आणि ग्रीनयार्ड्सवर गेलो. स्पर्धा महिन्यापूर्वीच होऊन गेली होती, गर्दी कुठून असणार! दहा-बारा वर्षांची पोरं सराव करत होती. एकाच्या हातून चेंडू निसटला, तो माझ्या पायाशी आला. मी तो उचलून फेकला, अगदीच वेडावाकडा. पोरं हसली. कडेच्या बाकावर त्यांच्या आया गप्पा मारत बसल्या होत्या. मला एकदम ती पिठाळलेल्या भुवयांची मान आठवली.

परत आल्यावर मी त्या गावी गेलो. कॅप्टनचं आता वय झालं आहे, गिरणी त्याच्या मालकीची आहे. त्याला मी आठवत नव्हतो, पण १३७ रुपये आठवत होते. त्या पैशांत सगळ्यांनी मिसळ खाल्ली होती, आणि खाताना कोणी बोललं नव्हतं. मी त्याला नेडची गोष्ट सांगितली. त्याने गिरणीचा पट्टा थांबवून ती ऐकली. तीन दिवस आणि लाइट सोडून एका दुपारचा विचार आमच्या डोक्यातच आला नाही, तो म्हणाला. मग त्याने विचारलं, की चषक कोणी दिला होता? गावच्या बायकांनी, मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. आम्ही सगळ्या गावापुढे हात पसरले, पण आयांना नाही विचारलं, असं काहीसं तो पुटपुटला.

मी काही मोठं काम केलं असं समजू नका. त्याच्या नातवाच्या शाळेतल्या मुलांनी गेल्या वर्षी रविवारच्या एका दुपारी कबड्डीची स्पर्धा भरवली. आसपासच्या सहा गावांचे संघ होते. वीस-वीस मिनिटांचे डाव कापून सात-सात मिनिटांचे केले. मांडव नाही, जनरेटर नाही, अंधार पडायच्या आत सगळं आटोपलं. चषक दिला महिलांच्या बचत गटाने. शेवटच्या सामन्यात वेळेवरून भांडण झालंच, आणि मी मनात म्हटलं, ठीक आहे, हीही परंपराच आहे. एसटीचं भाडं निघून वर थोडे पैसे उरले.

ऑलिंपिकमधलं पुरुषांच्या सातांच्या रग्बीचं पहिलं सुवर्णपदक फिजी या चिमुकल्या बेटांच्या देशाने जिंकलं. त्यांच्या इतिहासातलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. त्या आनंदात २०१७ साली फिजीच्या रिझर्व्ह बँकेने एक नोट काढली, चक्क सात डॉलरची! खेळाडूंची चित्रं असलेली. आयुष्यभर नोटा मोजून माझी बोटं झिजली, पण सातची नोट मी कधी पाहिली नव्हती. मेलरोजच्या रिकाम्या पेटीतून निघालेला आकडा एका देशाच्या चलनावर जाऊन बसला.

त्या शाळेतल्या मुलांनी उरलेल्या पैशांचं बचत खातं उघडलं आहे. पासबुकाची पहिली नोंद दाखवायला कॅप्टन मुद्दाम पुण्यापर्यंत आला होता. मी चष्मा लावून ती नीट वाचली. मग जुन्या सवयीने बेरीज तपासली. बरोबर होती.